बाष्प की ब्राइन: धातूंची वाटणी मोजायला कोणती वाट धरावी?

मॅग्मातून (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून) सुटलेलं पाणी वर चढताना दाब उतरतो आणि एका टप्प्यावर त्याची दोन रूपं होतात: एक विरळ, कमी खारं बाष्प आणि दुसरं दाट ब्राइन, ज्यात वजनाच्या 30 ते 60 टक्के मीठ असू शकतं. शुद्ध पाण्याची अशी फाळणी 374 अंश सेल्सिअसच्या वर होत नाही. मीठ असलं की ती कितीतरी जास्त तापमानालाही होते. तेव्हा तांबं, सोनं, जस्त, शिसं कोणाबरोबर जातात, हे मोजायला घेणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, खनिजात अडकलेल्या फ्लुइड इन्क्लुजन, म्हणजे जुन्या द्रवाच्या सूक्ष्म कुप्या, लेझरने फोडून एलए-आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) वाचायच्या. दुसरी, ऑटोक्लेव्हमध्ये (उच्च दाब-तापमान सोसणाऱ्या बंद भांड्यात) दोन्ही रूपं समोरासमोर तयार करून त्यांचे नमुने काढायचे.

पहिल्या वाटेचं आकर्षण उघड आहे: खडकात जे घडलं तेच हाती लागतं. एकाच भेगेत शेजारी-शेजारी अडकलेल्या बाष्पाच्या आणि ब्राइनच्या कुप्या मिळाल्या, की वाटणी थेट मोजता येते. 1999 मध्ये हाइनरिश आणि सहकाऱ्यांनी अशाच जोड्या मोजून दाखवलं की सोडियम, पोटॅशियम, लोह, मँगनीज, जस्त, शिसं, चांदी हे सगळे क्लोराइडला धरून ब्राइनमध्ये राहतात, तर तांबं, आर्सेनिक आणि बोरॉन बाष्पाकडे झुकतात. या निकालावर पुढे बरीच इमारत उभी राहिली: पोर्फिरी साठ्यांतलं (मॅग्माशी निगडित मोठ्या धातुसाठ्यांतलं) तांबं आणि त्यांच्यावरच्या उथळ साठ्यांतलं सोनं बाष्पानेच वाहून आणलं, अशी.

पण तांब्याचा तो आकडा फसवा निघाला. क्वार्ट्झच्या जाळीतून एक-प्रभारी तांब्याचा आयन उच्च तापमानाला सहज सरकतो. कुपी बंद झाल्यावर आतला हायड्रोजन आयन बाहेर पडतो, बाहेरचं तांबं आत येतं आणि तिथल्या गंधकाला चिकटून बसतं. बाष्पाच्या कुपीत गंधक भरपूर आणि मूळचं तांबं थोडं, म्हणून सर्वाधिक विकृती नेमकी तिथेच होते. ब्राइनच्या कुप्या त्या मानाने शाबूत राहतात. 2012 मध्ये लेर्खबाउमर आणि ऑडेटा यांनी बाष्पातलं जास्तीचं तांबं मागाहून आलेलं असू शकतं, हे प्रयोगाने दाखवलं. पुष्कराज (टोपाझ) या खनिजातल्या बाष्प-कुप्यांमध्येही क्वार्ट्झच्या तुलनेत तांबं बरंच कमी सापडलं. म्हणून क्वार्ट्झमधल्या बाष्पावरून तांब्याचा वाटणी-गुणांक (बाष्पातली एकाग्रता भागिले ब्राइनमधली) काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. शिसं-जस्तासाठी मात्र ही वाट उत्तम आहे. सोन्यासाठी ती चालते, पण विरळ बाष्पाच्या कुपीत पदार्थच इतका थोडा असतो की सोनं बऱ्याचदा शोधमर्यादेखालीच राहतं. मोठ्या कुप्या नसतील तर ही वाट धरण्यात अर्थ नाही.

ऑटोक्लेव्हची वाट सावकाश आणि खर्चिक, पण तिथे तापमान, दाब, क्षार, गंधक सगळं आपल्या हातात. पोक्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये गंधकाविना केलेल्या मोजमापांत एक सुबक नियम मिळाला: बाष्प-द्रव गुणांकाचा लॉगरिदम हा दोन्ही रूपांच्या घनतांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमशी सरळ प्रमाणात असतो. क्रांतिक बिंदूजवळ घनता सारख्या होतात आणि वाटणीच विरते. गंधक घातल्यावर (2008) सोन्याचा कल बाष्पाकडे ठळक झाला. तांब्याचाही वाढला, पण ते बहुतांशी ब्राइनमध्येच राहिलं. या वाटेची उणीव अशी की नमुना काढताना दाब ढळला तर आकडाही ढळतो, आणि मॅग्माच्या तापमानाला ही उपकरणं सहसा पोचत नाहीत. तिथे क्वार्ट्झच्या भेगा भरून केलेल्या कृत्रिम इन्क्लुजन कामी येतात, पण त्यात क्वार्ट्झ पुन्हा आलंच.

समुद्रतळ ही तिसरी, मर्यादित वाट. ईस्ट पॅसिफिक राइज या पॅसिफिकच्या तळावरच्या ज्वालामुखी डोंगररांगेतल्या एका गरम झऱ्यातून 1991 च्या उद्रेकानंतर क्लोराइड समुद्राच्या एक दशांशाहून कमी निघालं, आणि 1994 मध्ये त्याच झऱ्यातून समुद्राच्या दीडपटीहून जास्त. आधी बाष्प, मग ब्राइन. पण दोन्ही एकाच क्षणी हाती न आल्याने गुणांक काढायला हे नमुने कमकुवत पडतात.

गुणांक लहान आला म्हणून बाष्पाला लगेच बाद करू नका, कारण वाटणी एकाग्रतेची असते आणि साठा घडतो एकूण वस्तुमानातून. समजा 5 टक्के क्षाराचा द्रव 2 टक्क्यांच्या बाष्पात आणि 40 टक्क्यांच्या ब्राइनमध्ये फुटला. हिशोबाने बाष्प सुमारे 92 टक्के, ब्राइन फक्त 8. बाष्पातलं तांबं ब्राइनच्या एक दशांश असलं तरी एकूण तांब्यापैकी निम्म्याहून थोडं जास्त बाष्पातच असतं. तुमचा प्रश्न साठ्याचा असेल तर गुणांकाच्या दुसऱ्या दशांश स्थळापेक्षा मूळ द्रवाची क्षारता नीट ठरवण्यावर वेळ घालवा: फाळणीआधीच्या मध्यम घनतेच्या कुप्या शोधा, त्यासाठी खडकाचे पातळ काप जास्त संख्येने तपासा. प्रश्न सोन्याच्या गंधकाशी असलेल्या बंधाचा असेल, तर ऑटोक्लेव्हला पर्याय नाही.