चक रिपेअर आणि जॉ ग्राइंडिंग, उद्यमनगर कोल्हापूर – कामाला ५ पैकी ४, वेळेला २

आमच्या लेथवर कास्टिंगचाच (ओतीव बिडाचा) जॉब जास्त, कोल्हापुरात फाउंड्र्याच एवढ्या म्हटल्यावर दुसरं काय येणार. बिडाची ती काळी भुकटी, तिच्यात मोल्डिंगची वाळू, सगळं चकच्या (लेथवर जॉब धरायची पकड) स्क्रोलमधे (चकचे जबडे म्हणजे जॉ आतबाहेर सरकवणारी आट्यांची चकती) जाऊन बसतं आणि दाते खातं. २०० मिमीचा थ्री जॉ चक, जॉ पुढून घंटेसारखे पसरलेले, बार फक्त मागच्या बाजूला धरायचा आणि पार्टिंगला (बार कापून तोडताना) नुसता चॅटर (थरथर). बाकीच्यांनी नवीनच घ्या म्हणून सांगितलं. एकाला ओळखीतून विचारलं तर हा चक रिपेअरवाला गडी शेडवर आला, पहिल्यांदा चक खोलून रॉकेलमधे धुतला, स्क्रोल बघितला, बोटानं चाचपला आणि मग म्हणाला स्क्रोल ठीक हाय, जॉच गेलेत. स्क्रोल गेला असता तर ग्राइंडिंगचे पैसे घेतलेच नसते म्हणे, कारण मग एका डायाला खरं येतं आणि दुसऱ्याला परत आउट (सेंटर सोडून).

ग्राइंडिंग आमच्याच लेथवर, टूलपोस्टला (लेथवर टूल धरायची जागा) ग्राइंडर लावून, बेडवर ओलं फडकं टाकून. बरेच जण जॉ बाहेर उघडून रिंगमधे आवळतात आणि ग्राइंड करतात, त्यात स्क्रोलचा लूज (ढिलाई) उलट्या बाजूला जातो, मग बार धरला की परत तेच. ह्यानं तीन भोकं पाडलेली प्लेट जॉमधे धरली, म्हणजे जॉ आत दाबलेले राहिले, बार धरताना असतात तसेच, आणि जॉची टोकं भोकांमधे मोकळी. आता डायलवर (बार फिरताना किती हलतो ते मोजायचं गेज) ०.०५ मिमीच्या आत येतं, लांब बारवर पण. थ्री जॉकडनं ह्यापेक्षा जास्त मागू नये, एकदम सेंटरला पाहिजे तर फोर जॉ (चारी जॉ वेगवेगळे हलणारा चक) लावा ना.

एक तोटा आधीच सांगतो, जॉची टोकं रुंद झाली त्यामुळं ५ मिमीचा रॉड आता धरत नाही, त्याला कॉलेट (बारीक रॉड धरायची गोल पकड) लावायचं.

खरा पैसा वसूल झाला तो दुसऱ्या सेटवर. उलटे जॉ (मोठा जॉब धरायचे, पायऱ्यांचे), पायऱ्या झिजून गोल झालेल्या, मी भंगारात टाकणार होतो. त्यानं वरच्या पायऱ्या ग्राइंडरनं काढल्या, आमचे जॉ केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) होते म्हणून आतलं मटेरियल ड्रिल होत होतं, त्यात एम८ चे टॅप मारून (८ मिमी बोल्टचे आटे पाडून) वर एमएसचे (मऊ स्टीलचे) पॅड बसवले. झाले सॉफ्ट जॉ! जॉबच्या मापाला जागेवर बोअर करायचे, मशिनिंग झालेल्या बुशवर एक ओरखडा नाही. पॅडवर १-२-३ नंबर पंच करून घ्या, खोलून परत लावताना अदलाबदल झाली की बोअरिंग परत आलंच, आणि बोल्टची डोकी खोल बसलेली हवीत नाहीतर टूल आपटतं.

आता वेळ. उद्या येतो म्हणजे त्याचा उद्या पुढच्या आठवड्यात असतो, फोन उचलत नाही, बिल मागितलं की तोंड वाकडं. पण नव्या चकच्या पाव किमतीत दोन्ही कामं झाली, लई बोलावं वाटत नाही. स्क्रोलच गेलेला असेल तर मात्र त्याला बोलावू नका, सरळ नवीन चक घ्या, तो स्वतः पण हेच सांगेल.