.३०३ काडतुसांच्या केस वाचवणारी कॉलेट डाय

मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे १९४२ ची, ईशापूरला बनलेली ली-एनफिल्ड रायफल आहे. पूर्वी काडतुसाची पितळी केस, म्हणजे कवच, चारदा पुन्हा भरली की बुडाजवळ चकचकीत रेघ दिसायची, म्हणजे तिथूनच तुटणार! या लष्करी रायफलींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मुद्दाम सैल ठेवलेलं. पूर्ण साइझिंगमध्ये, म्हणजे बाराने फुगलेली अख्खी केस साच्यात दाबून मापावर आणताना, केसचा खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलला जातो आणि प्रत्येक बाराला पितळ पुन्हा ताणतं. ही कॉलेट डाय, म्हणजे चिरा असलेल्या नळीने (कॉलेटने) आवळणारा साचा, फक्त केसची मान (गोळी बसते तो भाग) आवळते, खांद्याला हात लावत नाही. वंगणही लागत नाही. त्याच केसांची आता नववी भरणी चालू आहे, मी फार खूश आहे. तरी टोक वाकवलेल्या तारेने आतून चाचपतोच. खाच लागली की केस बाद. मात्र एका चेंबरच्या मापाला बसलेल्या या केस त्याच रायफलीत वापरायच्या. आणि केस न घालता डाय दाबू नका, कॉलेट अडकते. माझी अडकली होती, अख्खी दुपार गेली.