पोर्ट बदललेला सर्व्हर: एफटीपी ठेवावं की एसएफटीपीवर यावं?

गिरगावातल्या एका छापखान्याला मी दरवर्षी दिवाळी अंकाच्या पीडीएफ पाठवतो. त्यांचा सर्व्हर आधी साध्या एफटीपीवर (फाइली पाठवायची जुनी पद्धत) होता; पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, २१२१ (नेहमीचा २१). आता एसएफटीपी आहे, म्हणजे एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीतून फाइली पाठवणं; पोर्ट २२२२ (नेहमीचा २२). दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितोय.

फाइलझिला या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्हींसाठी पोर्टच्या चौकटीत आकडा घालायचा; एसएफटीपीला सर्व्हरच्या नावाआधी sftp:// सुद्धा लिहायचं. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एफटीपीला सर्व्हरच्या नावानंतर जागा सोडून पोर्ट द्यायचा. एसएफटीपीला मात्र पोर्टआधी कॅपिटल पी (-P) लागतो; स्मॉल पी (-p) तिथे फाइलींच्या तारखा जपण्यासाठी आहे. गंमत अशी की एसएसएचला पोर्टसाठी स्मॉल पीच चालतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत पोर्ट एकदाच लिहून ठेवा, रोजची कटकट वाचते.

माझं मत बदललं ते एका रात्री. अंक छपाईला जायचा होता आणि मी दादरच्या ऑफिसात. लॉगिन झालं, पासवर्ड चालला, पण फोल्डरची यादी काही येईना. छापखान्यातल्या मुलाला फोन केला, तर म्हणाला, "दादा, इथून तर उघडतंय." उघडणारच, तो त्यांच्याच नेटवर्कवर बसलेला. शेवटी पेनड्राइव्ह खिशात टाकून मी चर्नी रोडची स्लो लोकल पकडली.

कारण नंतर लॉगमध्ये दिसलं. एफटीपी यादी आणि फाइली वेगळ्या जोडणीवरून पाठवतं. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे ही दुसरी जोडणीही आपणच सुरू करतो तेव्हा, सर्व्हर २२७ क्रमांकाचं उत्तर देतो आणि त्यात सहा आकडे असतात. शेवटच्या दोनांतून या जोडणीचा पोर्ट कळतो; ते १९५ आणि ८० होते. १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. तो पोर्ट फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याकडे, बंद. सर्व्हर २१ वर असता तर बऱ्याच फायरवॉल हे उत्तर वाचून तेवढी वाट आपणहून उघडतात. २१२१ वरचं बोलणं एफटीपी आहे हे मुद्दाम सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. एफटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं एफटीपी, घेतलं तर उत्तरच एन्क्रिप्ट होतं, मग २१ वरसुद्धा ही मदत मिळत नाही.

एसएफटीपीत सगळं एकाच जोडणीतून जातं. २२२२ उघडा असला की यादी येते, फाइलही जाते. पहिल्यांदा सर्व्हरची ओळख पटवणारी की (key) तपासून होकार द्यावा लागतो, तेवढंच. शिवाय साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, पोर्ट कुठलाही असो. मला तरी ते आता पटत नाही.

तरी ऑफिसातला जुना स्कॅनर फक्त एफटीपीच जाणत असेल, तर आतल्या आत ते चालू द्यायला माझी हरकत नाही. बाहेरून लोक जोडणार असतील आणि एफटीपी सोडणं शक्यच नसेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला पॅसिव्ह पोर्ट ठरवून द्यायला सांगा, समजा ५०००० ते ५०१००, आणि तेवढे सगळे फायरवॉलमध्ये उघडून घ्या. मग घरच्या नेटवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यादी येते का ते बघा. सर्व्हर आहे त्याच नेटवर्कवरून बघू नका.