पोलार एच १० छातीचा पट्टा: इंटरव्हल करणाऱ्यांनी घ्यावाच

शर्यतींचा मोसम तोंडावर आला की सरावात इंटरव्हल, म्हणजे मधे विश्रांती घेत धावायचे वेगवान तुकडे, वाढतात, आणि नेमका तिथेच मनगटावरच्या घड्याळातला हृदयाचे ठोके मोजणारा हिरव्या दिव्याचा सेन्सर मागे पडतो. ४०० मीटरचा वेगवान तुकडा संपत आला तरी आकडा चढतच असतो. कधी तर तो ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतो आणि १७०-१८० वर अडकून बसतो. एच १० हृदयाचे विद्युत संकेत थेट छातीवरून घेतो, त्यामुळे हा घोळ टळतो.

पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, घट्ट पण श्वास अडणार नाही असा बांधा. आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड (संकेत टिपणारे, त्वचेला टेकणारे भाग) आधी पाण्याने नीट ओले करा. कोरडे राहिले तर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात. कोरड्या हवेत सैल सिंथेटिक टी-शर्ट फडफडला तरी तेच होतं, कारण स्थिर वीज.

धावून झालं की पट्ट्यावर अडकवलेला सेन्सर काढाच. ओल्या पट्ट्यावर तो चालू राहतो आणि सीआर २०२५ सेल विनाकारण संपतो. पट्टा दर वेळी वाहत्या पाण्यात खळबळून घ्या. मशीनमध्ये ४० अंशांवर धुता येतो, पण ब्लीच आणि सॉफ्टनर अजिबात नको.

खटकणारी गोष्ट एकच: लांब धावेत पट्ट्याची कड घासते, तिथे व्हॅसलीन लावा. शर्यतीच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मात्र या आकड्यावर वेग ठरवू नका. उत्साहाने ठोके तसेही चढलेले असतात.