मंगळवारी रात्री सुट्टीचा अर्ज: ग्लायडरसाठी हवामानाची ॲप्स

आमच्या ऑफिसात शुक्रवारची रजा हवी असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत अर्ज टाकावा लागतो. हवामानाच्या ॲपकडून मला काय हवंय, ते या एका नियमावर ठरतं. शनिवार-रविवारचा प्रश्न नाही, हवा कशीही असो, ग्लायडर क्लबात जायचंच असतं. (ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान.) कुणाला तरी ग्लायडर दोराने वर ओढणाऱ्या विंचवर बसायचं असतं, कुणाला तरी पोरांना शिकवायचं असतं. पण तीनशे-चारशे किलोमीटर जाण्याजोगी हवा हटकून आठवड्याच्या मधेच येते, आणि तिचा वास मंगळवारी लागावा लागतो.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. आमचा क्लब श्वेबिशे आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे आणि मी क्लबचं एलएस-४ हे ग्लायडर उडवतो. शिकायला सुरुवात मात्र हडपसरला केली, कॉलेजात असताना. तिथे विंचवर वर जायचं, एक चक्कर मारायची, खाली यायचं. इन्स्ट्रक्टर सर दहाच्या सुमाराला डोक्यावर हात धरून घारी बघायचे. घारी पंख न हलवता वर चढायला लागल्या की म्हणायचे, "चला, दुकान उघडलं." अंदाज, वर्गणी, सगळं त्यात आलं.

आता कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्या भाच्याने विचारलंय, "मामा, पैसे देऊन कुठलं ॲप घेऊ?" त्याला फोनवर अर्धा तास बोललो तरी संपलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, जी मला कळायला तीन हंगाम लागले. ॲप वेगळं म्हणजे अंदाज वेगळा असं नसतं. मुळात हवेचं गणित मांडणारी संगणकाची मॉडेलं मोजकी आहेत: युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मन हवामान खात्याचं आयकॉन, फ्रान्सचं आरोम. बरीच ॲप्स यांचेच आकडे घेऊन आपापल्या रंगात रंगवतात. जी स्वतःचं बारीक मॉडेल चालवतात, त्यांनाही आपल्या भागाच्या कडेने भरायला यांच्यापैकीच कुणाचे तरी आकडे लागतात. पूर्वी मी दोन ॲप्स उघडायचो, दोन्हीकडे शुक्रवार हिरवागार दिसला की खूश व्हायचो. वाटायचं, दोन साक्षीदार मिळाले. साक्षीदार एकच होता, दोन खिडक्यांतून बोलत होता. म्हणून घेण्याआधी ॲपमागे कुठलं मॉडेल आहे ते शोधा. जे ते सांगत नाही, त्याला मी पैसे देत नाही.

आता माझा मंगळवार घ्या. आल्बचा कडा दरीतून तीन-चार किलोमीटरच्या आत तीन-चारशे मीटर उठतो. वरचं पठार चुनखडीचं. पाणी झिरपून जातं, जमीन कोरडी, सकाळी लवकर तापते. खाली नेकार नदीच्या खोऱ्यात अजून दमट गारवा असतो तेव्हा वर थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, सुरू झालेली असतात. जीएफएसचे फुकट मिळणारे आकडे अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीत येतात, म्हणजे इथे उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १८. त्या चौकटीत अख्खा कडा गडप होतो. आयकॉनचं बारीक भावंड आयकॉन-डी२, त्याची चौकट दोन किलोमीटरच्या आसपास, त्याला कडा दिसतो. पण ते पुढचे ४८ तासच सांगतं. शुक्रवारची दुपार त्याच्या टप्प्यात येते बुधवारी दुपारी. माझा अर्ज तर मंगळवारी रात्री! तेव्हा मंगळवारी जो कुणी मला कड्याकड्याने रंगवलेला सुंदर नकाशा दाखवतो, तो जाड्याभरड्या मॉडेलवर नाजूक नक्षी काढत असतो. नक्षीला भुलू नका.

म्हणून मंगळवारी मी फक्त विंडी उघडतो. हे चेक लोकांचं, फुकट वापरता येतं. विंडीवर मी थर्मल बघतच नाही. मोठ्या गोष्टी बघतो: उच्च दाबाचं क्षेत्र कुठे सरकतंय, शीत आघाडी गुरुवारी पार होतेय का, मागून येणारी हवा कोरडी आहे का. मग आमच्या विमानतळावर बोट ठेवून ईसीएमडब्ल्यूएफ आणि आयकॉन शेजारी शेजारी लावतो. दोघांचं जमलं तर अर्ज. नाही जमलं तर मुकाट ऑफिस. यासाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही, आणि यासाठी पैसे द्यावेत असंही वाटत नाही.

पैसे बुधवार-गुरुवारसाठी द्यायचे. इथे खरी लढत टॉपमेटिओ आणि स्कायसाइट यांच्यात.

टॉपमेटिओ जर्मन. त्यातला एक आकडा आमच्या क्लबात सगळ्यांच्या तोंडी असतो: पीएफडी, म्हणजे दिवसभर सगळी वापरण्याजोगी थर्मल पकडत गेलं तर त्या भागात किती किलोमीटर उडता येतील. नकाशा उघडला की दिसतं, आल्बवर ६००, उत्तरेला ३५०. मार्ग, विमानाचा प्रकार आणि निघायची वेळ दिली की कुठे किती वाजता पोचाल तेही काढून देतं. मी दोन हंगाम वहीत पीएफडी आणि त्याच्या शेजारी माझे खरे किलोमीटर लिहीत गेलो. माझा हिशेब साठ टक्क्यांवर बसतो. ६०० दिसले की मी ३५०चा बेत करतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. आमच्या क्लबात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा आहेत, त्यांचा हिशेब नव्वदवर बसतो. ॲप तेच, माणूस वेगळा. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल.

स्कायसाइट ऑस्ट्रेलियाचं, मॅथ्यू स्कटर या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या ग्लायडर पायलटने सुरू केलेलं. हे उघडलं की पहिल्यांदा घाबरायला होतं, इतक्या याद्या. थर्मलची ताकद, उंची, कापसासारखे क्युम्युलस ढग होण्याची शक्यता, ढगाचा तळ, ढग पसरून ऊन झाकतील का, दोन वारे कुठे भिडतील. पण मार्ग आखून त्याचा उभा छेद बघता येतो, त्याला तोड नाही. एका रेषेवर डावीकडून उजवीकडे माझा दिवस: ११ वाजता इथे तळ १४०० मीटर, २ वाजता ब्लॅक फॉरेस्टच्या अलीकडे २२००, परतताना ५ वाजता डॅन्यूबच्या पलीकडे थर्मल विझत चाललेली. फ्योन, म्हणजे आल्प्स ओलांडून खाली उतरणारा वारा, सुटल्यावर तिथे डोंगरामागे उठणाऱ्या हवेच्या लाटांवर उडायचं असेल तर उंची-उंचीनुसार हवा कुठे चढते आणि कुठे उतरते, तेही हे दाखवतं. त्या कामासाठी मी डोळे मिटून हेच घेईन.

दोन्हीकडे नवख्यांची फसगत एकाच जागी होते: उंची. थरार सुरू होतो तो "थर्मलची उंची २३०० मीटर" या आकड्याने. पण ही कुठली उंची? तापलेल्या हवेच्या थराचा माथा वेगळा, ढगाचा तळ वेगळा आणि ग्लायडरला खरंच चढता येईल ती उंची वेगळी. माथ्यापाशी हवा जेमतेम चढत असते, आणि गिरक्या घेताना माझं विमान सेकंदाला मीटरभर तरी खाली येतच असतं. त्यामुळे जिथे हवेचा चढ सेकंदाला १.१ मीटरच्या खाली जातो, तीच कामाची उंची. ही युक्ती अमेरिकेतल्या जॅक ग्लेंडनिंगची. त्यांनी रास्प नावाची प्रणाली लिहिली आणि कुणालाही चालवता येईल अशी मोकळी ठेवली; अजून कितीतरी देशांत पदरमोड करणारे पायलट आपापल्या भागासाठी ती फुकट चालवतात. दिसायला जुनाट आहे, पण आकड्यांचा अर्थ मी तिथेच शिकलो. त्यांचाच आणखी एक आकडा: तापलेल्या हवेचा जोर भागिले उंचीनुसार बदलणाऱ्या वाऱ्याची फाडाफाड. तो ५च्या खाली गेला की थर्मल तुकड्यातुकड्यांची होते, गिरकी अर्धी होते न होते तोच हातातून सुटते. नकाशावर थर्मल दणकट दिसते आणि वर गेल्यावर कुणीतरी गोणीत घालून झोडपल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

तसंच चढाचं. नकाशावर हवेचा चढ २.५ लिहिलाय म्हणून व्हेरिओवर, म्हणजे विमानाचा चढ-उतार दाखवणाऱ्या काट्यावर, २.५ दिसत नाही. विमानाचं स्वतःचं खाली येणं वजा करा, १.५ उरतो. हे न कळल्याने मी पहिला हंगाम स्वतःला ढ समजत होतो.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी मी वर्गणीचं दुकान बंद ठेवतो. श्टुटगार्टच्या श्नारेनबेर्ग हवामान केंद्रावरून हवा मोजणारा रात्रीचा फुगा मध्यरात्रीनंतर गेलेला असतो. त्याने मोजलेलं तापमान आणि दवबिंदू वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर आलेलं असतं. फुकट, आणि ते मॉडेलचं भाकीत नसून खरोखर मोजलेलं असतं. चहा होईपर्यंत पेन्सिलने रेघ ओढतो: जमिनीवर किती तापलं की थर्मल सुटेल, वर उलट तापमानाचा थर कुठे झाकण घालून बसलाय. मग ढोबळ हिशेब, तापमान वजा दवबिंदू गुणिले १२५. दुपारी २४ अंश, दवबिंदू १० असेल तर १४ गुणिले १२५, ढगाचा तळ जमिनीपासून १७५० मीटर. ॲपचा कालचा आकडा याच्या आसपास असेल तर ठीक. पाचशे मीटरचा फरक असेल तर दोघांपैकी कुणीतरी चुकतंय, बहुतेक वेळा मीच, कारण एक आकडा जमिनीपासूनचा असतो आणि दुसरा समुद्रसपाटीपासूनचा. सेटिंग आधी बघून घ्या. शिवाय वेळ यूटीसी, म्हणजे जगाची सामायिक वेळ, आहे की स्थानिक, तेही. इथे सगळे पायलट यूटीसीत बोलतात. माझ्या डोक्यात श्टुटगार्ट, यूटीसी आणि आईच्या फोनची पुण्याची वेळ अशी तीन घड्याळं चालतात.

आता शेतात उतरलो ती गोष्ट. एप्रिल महिना, रजा मिळालेली, पीएफडी सहाशेच्या वर. कुठल्या ॲपवर ते सांगत नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांवर साधारण तेच होतं. सकाळी गाडीच्या टपावर पिवळसर धूळ होती. बोटाने रेघ ओढली, पुसली आणि निघालो. आकाश निळं नव्हतं, पाणी घातलेल्या दुधासारखं होतं. दहा वाजता १६ अंश असायला हवं होतं, होतं १३. मी म्हटलं, तापेल. साडेबाराला विंचवरून सुटलो, कसाबसा ११०० मीटरला पोचलो आणि तिथूनच नैर्ऋत्येला निघालो, कारण ॲप म्हणत होतं की पुढे २००० आहे. पुढे काही नव्हतं. दीड तासाने सिगमारिंगनच्या अलीकडे एका नुकत्या उगवलेल्या शेतात विमान टेकवलं. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला, पंखांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "भारतातून आलात?" मग बाटलीभर सोडा आणून दिला. क्लबातले दोघे ट्रेलर घेऊन यायला संध्याकाळचे सात वाजले. रिवाजाप्रमाणे त्यांचं जेवण माझ्याकडून.

ती धूळ सहाराची होती. बरीच मॉडेलं हवेतली धूळ त्या दिवशीची धरत नाहीत, वर्षानुवर्षांच्या सरासरीने धरतात. धुळीने ऊन अडलं, जमीन तापली नाही, थर्मल सुटायचं तापमान गाठलंच गेलं नाही; कागदावर मात्र दिवस लखलखीत. तेव्हापासून विंडीवर धुळीचा थर आधी उघडतो; तो युरोपच्या कोपर्निकस सेवेचा असतो आणि फुकट आहे. आणि दहा वाजताचं खरं तापमान अंदाजाच्या मागे राहिलं तर बेत अर्ध्यावर आणतो. कुठलंही वर्गणीचं ॲप तुम्हाला टपावरची धूळ बघायला सांगणार नाही.

जर्मन हवामान खात्याच्या उड्डाण पोर्टलवर हंगामात खास ग्लायडरसाठी लेखी अंदाज असतो, तो मी अजून वाचतो. चार ओळी, नकाशा नाही. पण "वरचे पांढरे ढग दुपारनंतर दाट" असं तज्ज्ञाने लिहिलेलं वाक्य मला दहा रंगांपेक्षा लवकर कळतं.

तर माझा कौल: दोन वर्गण्या मी दोन वर्षं भरल्या, आता एकच भरतो, टॉपमेटिओची. माझी उड्डाणं आल्बच्या आजूबाजूला असतात आणि माझ्या वहीतला साठ टक्क्यांचा हिशेब तिच्यावर बसलाय, तो परत बसवायचा कंटाळा, एवढंच कारण. खर्च साधारण ग्लायडर दोनदा विमानाने ओढून वर नेण्याइतका. देशोदेशी उडत असतो किंवा लाटांचं वेड असतं तर स्कायसाइट घेतलं असतं.

भाच्याला काय सांगितलं? सह्याद्रीला जीएफएसचं फुकट ॲप लावू नकोस, त्याला घाट दिसत नाही. ईसीएमडब्ल्यूएफ बघ. पश्चिमेचा समुद्राचा वारा दुपारी किती वाजता वर येतो ते बघ, तो आला की थर्मलची मजा संपते. आणि पुण्याचा फुगा पहाटेचा असतो, म्हणजे तुझ्यासाठी अगदी ताजा, आमच्यासारखा मध्यरात्रीचा शिळा नाही. शाळेत असताना पुण्यात पीएमटीच्या बसने सिमला ऑफिसला उतरायचो, तेव्हा हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यात आलं म्हणून हे नाव, हे मला ठाऊकही नव्हतं. पाटीकडे न बघता पुढे जायचो. आता इतक्या लांबून पुण्याच्या फुग्याची रेघ मोबाइलवर बघतो.

त्याला म्हटलं, महिनाभर रोज सकाळी ती रेघ ओढ, थर्मल किती अंशांना सुटेल ते मला पाठव, मग वर्गणीचं बघू. चार दिवस पाठवलं. पाचव्या दिवसापासून घारींचे फोटो येतायत.