पोलरायझर फिल्टर: पावसाळा ते उन्हाळा, वर्षभर वापरल्यावर

पोलरायझर म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचा, रिंगनं फिरवता येणारा फिल्टर; पान, पाणी, दगड यांवरची चकाकी तो अडवतो. मागच्या जूनमध्ये 77 मिमी व्यासाचा सर्क्युलर (आरशाच्या कॅमेऱ्यातही ऑटोफोकस न बिघडवणारा प्रकार) पोलरायझर घेतला. मल्टिकोटेड, पातळ कड्याचा, पितळी रिंगचा. साडेपाच हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या दर्जाचे फिल्टर चार-पाच कंपन्या बनवतात आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांतल्या कुठल्याही फिल्टरला लागू पडेल. कॅमेरा फुल-फ्रेम मिररलेस, लेन्स 24-105 मिमी आणि 16-35 मिमी. सातारा, भंडारदरा, मालवण असा वर्षभर सोबत होता.

पोलरायझरची जाहिरात नेहमी निळ्याशार आकाशाची असते. आकाश गडद होतं, त्यात खोटं काही नाही. पण सह्याद्रीत हा फिल्टर खरे पैसे वसूल करून देतो तो पावसाळ्यात, वर निळ्याचा ठिपकाही नसताना.

कारण समजून घेण्यासारखं आहे. पावसात भिजलेल्या पानावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात ढगाळ आभाळ उमटतं. आभाळ पांढरट, म्हणून पानही पांढरट. डोळा हे मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, कॅमेरा करत नाही. घरी येऊन बघावं तर हिरवागार दिसलेला डोंगर राखाडी पावडर फासल्यासारखा. ढगांतून येणारा प्रकाश स्वतः फारसा ध्रुवीकृत (एकाच दिशेनं कंप पावणारा) नसतो, पण पानावरून किंवा पाण्यावरून तिरका परावर्तित झाला की होतो. पोलरायझर नेमका तोच अडवतो.

यवतेश्वर घाटातून कासकडे जाताना रस्त्याच्या कडेला कारवी दाटलेली असते. तिथल्या एका ओल्या पानावर फोकस लावून रिंग सावकाश फिरवून बघा. पानावरची पांढरी झळाळी एका कडेकडून सरकत जाते, आधी मधली शीर दिसते, मग दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा, मग खरबरीत पोत आणि शेवटी आतला गडद हिरवा. शेजारच्या काळ्या कातळाचंही तसंच. चकाकी गेली की त्यावरचं शेवाळ, त्यातल्या पोपटी आणि तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसायला लागतात. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही. आकाश नंतर गडद करता येतं, रंग वाढवता येतात. पण चकाकीखाली जे नोंदलंच गेलं नाही ते आणणार कुठून? हा फिल्टर अजूनही विकत घ्यावा असं मी म्हणतो ते याच एका कारणासाठी.

छोट्या धबधब्यांवर दुहेरी फायदा होतो. ओल्या दगडांची चमक जाते आणि फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). माझा साधारण दीड स्टॉप खातो, म्हणजे 1/15 सेकंदाचा शटर 1/5 वर येतो आणि पाण्याला हवी तेवढी रेशमी ओढ मिळते, वेगळा एनडी (फक्त प्रकाश कमी करणारा) फिल्टर न लावता. अर्थात ट्रायपॉड हवाच. हातात धरून जंगलात फोटो काढायचे असतील तर हाच दीड स्टॉप जाचतो, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. पक्षी टिपायचे असतील तर सरळ काढून ठेवा.

आता पूर्ण फिरवायचा की अर्धा, याबद्दल. नवीन फिल्टर आला की परिणाम सर्वाधिक दिसेल तिथेच रिंग थांबवायचा मोह होतो. पण ओलेपणा दिसायला थोडी चमक लागते. सगळी काढून टाकली तर धबधब्याशेजारचा खडक कोरडा, मेलेला वाटतो. मी आधी पूर्ण परिणामापर्यंत जातो आणि मग थोडा मागे येतो, कडांवर बारीक चमक परत येईपर्यंत.

कासच्या कुमुदिनी तळ्यावर हे फार उपयोगी पडलं. पाण्यावर पानं आणि इवलीशी पांढरी फुलं पसरलेली असतात. फिल्टर नसेल तर पाणी पांढरं आणि फुलंही पांढरी, वेगळी उठतच नाहीत. अर्ध्यावर ठेवला की पाणी गडद होतं, फुलं सुटी होतात, तरी आभाळाची थोडी सावली पाण्यात उरते. इथे कोन महत्त्वाचा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनात बघत असाल तर परिणाम सर्वांत जास्त. अगदी वरून, सरळ खाली बघितलं तर जवळजवळ शून्य. म्हणून रिंग फिरवत बसण्याआधी उकिडवं बसून, उभं राहून, दोन पावलं मागे जाऊन बघावं.

याउलट भाताच्या लावणीचे दिवस. खाचरांत पाणी भरलेलं, त्यात ढग उतरलेले, मधूनमधून रोपांच्या रांगा. इथे पोलरायझर पूर्ण फिरवला की ढग गायब आणि हाती फक्त चिखल. प्रतिबिंब हाच जिथे फोटोचा जीव आहे, मग ती खाचरं असोत की बारवेच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या असोत, तिथे फिल्टर पिशवीत असलेला बरा. इंद्रधनुष्याची गंमत तर याहून मोठी. त्याचा प्रकाश कमानीच्या दिशेनं ध्रुवीकृत असतो, त्यामुळे रिंग एका बाजूला फिरवली की रंग उठून दिसतात आणि उलट फिरवली की इंद्रधनुष्य पुसलंच जातं. पूर्ण कमान टिपायची असेल तर माथा ठळक केला की पाय फिके पडतात.

आकाशाबद्दल थोडक्यात. सूर्यापासून 90 अंशांवरचा पट्टा सर्वाधिक गडद होतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे रोखला जाईल तिथे परिणाम मिळेल. दुपारी चारच्या सुमारास तारकर्लीच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड केलं की सुरूच्या बनावरचं आकाश सुंदर खुलतं. सकाळी मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला टिपताना सूर्य पाठीशी असतो, तिथे आकाशावर काडीचा परिणाम होत नाही. एप्रिल-मेच्या धुरकट आभाळात फरक पडतो तो जेमतेम. आणि 16-35 च्या रुंद टोकाला, साधारण 24 मिमीच्या खाली, आकाशात मध्येच गडद पट्टा उमटतो आणि दोन्ही बाजू फिक्या राहतात. पॅनोरमात तर तो जोड लपवता लपवता नाकी नऊ येतात. रुंद लेन्सवर मी तो फक्त आकाश फ्रेमबाहेर ठेवून वापरतो.

धातूवरची चमक यानं जात नाही, त्यामुळे गाडीच्या बॉनेटवरच्या रंगाची चकाकी कमी होते, पण क्रोमची पट्टी तशीच चमकते. गाडीच्या बाजूच्या टफन्ड काचांवर ठिपक्यांची नक्षी उमटते. तो फिल्टरचा दोष नव्हे, काचेतला ताण दिसतो.

वापरताना दोन गोष्टींची सवय लावावी लागली. कॅमेरा आडव्याचा उभा केला की रिंग पुन्हा जुळवायची. आणि ती नेहमी घट्ट होण्याच्या दिशेनं फिरवायची, म्हणजे कॅमेऱ्यामागून बघताना घड्याळाच्या काट्याच्या उलट. नाहीतर फिरवता फिरवता आटे सुटून फिल्टर दरीत जायचा. हूड (लेन्सपुढचं सावलीचं कडं) लावलेलं असलं की बोटं आत जात नाहीत, हा मात्र कायमचा वैताग आहे.

टिकाऊपणाची तक्रार नाही. पितळी रिंग आजवर लेन्सवर अडकलेली नाही. आधीच्या ॲल्युमिनियमच्या यूव्ही फिल्टरला काढताना रबरबँड गुंडाळून जोर लावावा लागायचा. कोटिंगवरून पावसाचे थेंब फुंकरीनं निघतात, पण फिरत्या रिंगच्या फटीत ओल शिरते. घरी आल्यावर रात्रभर उघड्यावर वाळवून मगच सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, नाहीतर बुरशी ठरलेली. रंगात किंचित उबदार झाक आहे, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) चुटकीसरशी निघते.

घेताना दुकानातच तपासून घ्या. फिल्टरची पुढची बाजू मोबाइलऐवजी एलसीडी लॅपटॉपच्या पडद्याकडे धरून मागून बघा आणि फिरवा. पडदा एका ठिकाणी काळा झाला पाहिजे. मग फिल्टर उलटा धरून तेच करा. आता काळा होत नसेल तर तो सर्क्युलर. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर लिनियर, आणि आरशाच्या जुन्या डीएसएलआरवर तो ऑटोफोकस आणि मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) दोन्ही बिघडवू शकतो. आकार तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सचा घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारं कडं) लावा. मी 67 वरून 77 ची रिंग वापरतो, शे-दोनशे रुपयांत मिळते.