गाडी एक आणि कागद दुसरीचा: सॅल्व्हेज मस्टँगच्या नोंदणीत झालेली माझी फसवणूक

१९६६ सालची फोर्ड मस्टँग मी २०२३ च्या मार्चमध्ये साडेचौदा हजार डॉलरना विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलच्या, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांच्या, आवारात ती माझ्या डोळ्यांदेखत जप्त झाली. मधल्या सहा महिन्यांत तिच्या दुरुस्तीवर आणखी सहा हजारांच्या आसपास खर्च झाला होता. रस्त्यावर ती एक दिवसही चालली नाही. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, आपल्या मराठी मंडळींमध्ये जुन्या गाड्यांची हौस असलेले बरेच जण आहेत, सॅल्व्हेज टायटलची गाडी बाजारभावाच्या निम्म्याने मिळते म्हणून तिच्याकडे वळणारेही आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यांच्यापैकी दोघांनी मला फोन करून सल्ला विचारला. त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी सॅल्व्हेज म्हणजे काय ते स्पष्ट करतो, कारण फसवणाऱ्याचे सगळे काम आपल्या अर्धवट माहितीवर चालते. अपघात, पूर किंवा आगीनंतर गाडी दुरुस्त करणे परवडणार नाही असे विमा कंपनीने ठरवले, की तिचे मूळ टायटल (मालकीचा कागद) मोटार वाहन विभागाकडे, म्हणजे इथल्या बोलीत डीएमव्हीकडे, जमा होते आणि त्याच्या जागी सॅल्व्हेज सर्टिफिकेट मिळते. अशी गाडी नीट दुरुस्त करून, तपासून घेऊन पुन्हा रस्त्यावर आणता येते. नव्या टायटलवर सॅल्व्हेजचा शेरा मात्र कायमचा राहतो. याच कुळातला दुसरा एक कागद असतो, नॉन-रिपेअरेबल सर्टिफिकेट. त्या गाडीची कॅलिफोर्नियात पुन्हा नोंदणी होऊच शकत नाही, ती केवळ सुट्या भागांसाठी विकता येते. दिसायला दोन्ही कागद सारखेच सरकारी वाटतात, म्हणून वरचे शीर्षक शांतपणे वाचावे. माझ्या हातात आलेला कागद पहिल्या प्रकारचा होता, नेवाडा राज्याने दिलेला आणि पूर्णपणे खरा. खोट त्या कागदात नव्हती.

गाडी सॅन होजेतल्या एका भाड्याच्या गॅरेजमध्ये उभी होती. गडद हिरवा रंग नुकताच मारलेला, आत काळी सीट, आणि पुढेमागे काळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरे असलेल्या नंबरप्लेट. कॅलिफोर्नियाने तशा प्लेट १९६३ ते १९६९ या काळात दिल्या होत्या आणि जुन्या गाडीवर त्या दिसल्या की माणसाचे मन तिथेच विरघळते. त्या प्लेट मुळात त्याच गाडीच्या आहेत का, हे विचारायचे मला सुचले नाही. विक्रेता साठीचा, मृदू बोलणारा, हाताला ग्रीस लागलेला गृहस्थ होता. ही गाडी याच गावची आहे, असे तो अभिमानाने म्हणाला. फोर्डचा सॅन होजे कारखाना प्रत्यक्षात शेजारच्या मिलपिटासमध्ये होता. तो १९८३ मध्ये बंद पडला आणि १९९४ पासून त्याच इमारतीत ग्रेट मॉल आहे. माझ्या मुलांच्या शाळेचे कपडे आम्ही तिथूनच घेतो. आपण राहतो तिथे जन्मलेली गाडी आपल्या दारात येणार, या कल्पनेने मी भारावून गेलो.

माझ्या वडिलांचे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गॅरेज होते. कुणी जुनी गाडी घ्यायच्या आधी दाखवायला आणली, की ते इंजिन सुरू करायला सांगत नसत. आधी आरसी बुक मागत, ते कुणाच्या नावावर आहे हे पाहत, मग रॉकेलचा बोळा फिरवून चेसिस नंबर स्वच्छ करत आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत. आरटीओत लागतो तसाच तो ठसा. अक्षरे सरळ रेषेत आणि सारख्या खोलीची उमटली तरच ते पुढचे बोलत. हे मी शाळेत असताना शेकडो वेळा पाहिले आहे. सॅन होजेच्या त्या गॅरेजमध्ये खिशात पेन असूनही मी ते केले नाही, कारण अमेरिकेतला सरकारी कागद म्हणजे त्यात खोट असणारच नाही, असा माझा पक्का समज होता.

त्या कागदावर मालक म्हणून विक्रेत्याचे नाव नव्हते. नेवाडातल्या कुणा तिसऱ्याच माणसाची मागे सही होती आणि खरेदीदाराची जागा कोरी होती. "मध्ये माझे नाव घातले तर दोनदा कर आणि दोनदा फी पडेल, तुम्ही सरळ तुमचेच घाला," असे त्याने समजावले. दुसरे म्हणजे, बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या बिलावर, किंमत साडेचार हजार लिहू, म्हणजे कर कमी बसेल, असे तो म्हणाला. आमच्या भागात हा कर नऊ टक्क्यांहून अधिक असल्याने मी ते मान्य केले आणि उरलेले दहा हजार रोख दिले. ही माझी चूक होती, ती बेकायदा होती, आणि तिची किंमत पुढे मलाच मोजावी लागली. तिसरी गोष्ट म्हणजे, परवानाधारक तपासनिसाने गाडीचा नंबर पडताळल्याचा एक भरलेला फॉर्म त्याने मला दिला आणि आता डीएमव्हीला गाडी दाखवायची गरज नाही असे सांगितले. हा फॉर्म खरा असतो, पण सॅल्व्हेजमधून पुन्हा नोंदवायच्या गाडीला तो चालत नाही. तिथे डीएमव्हीचा किंवा हायवे पॅट्रोलचाच माणूस नंबर पाहतो. डीएमव्हीच्या खिडकीवरच्या बाईंनी तो फॉर्म एका नजरेत बाजूला ठेवला.

त्याआधी मी ब्रेक आणि दिव्यांची प्रमाणपत्रे मिळवली होती. त्या वेळी सॅल्व्हेज गाडीला ती दोन वेगवेगळी घ्यावी लागत. २०२४ पासून त्यांच्या जागी वाहन सुरक्षा तपासणीचे एकच प्रमाणपत्र आले आहे. स्मॉगची, म्हणजे धुराची, चाचणी लागत नाही, कारण १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ती माफ आहे. ब्रेकचे काम मोठे निघाले. चारही ड्रमचे लायनर बदलले, १९६६ च्या गाडीत एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असतो तो काढून दोन कप्प्यांचा बसवला, हेडलाइटचे झोत जुळवले. प्रमाणपत्रे हातात आली तेव्हा मला वाटले की आता केवळ नंबरप्लेट घ्यायची राहिली. पण ब्रेक लागतात आणि दिवे पेटतात एवढेच ती प्रमाणपत्रे सांगतात. गाडी कुणाची आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. विक्रेत्याला ते ठाऊक होते, म्हणूनच प्रत्येक वेळी फोनवर तो ब्रेकचीच चौकशी करायचा.

टोटल लॉस झालेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असे विमा कंपनीने ठरवलेल्या, गाड्यांपैकी काही गाड्या डीएमव्ही हायवे पॅट्रोलकडे पाठवते, आणि माझी पाठवली गेली. भेटीची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली आणि बदललेल्या भागांच्या पावत्या आणण्यास सांगितले. बॉनेट आणि पुढची मडगार्डे नवी होती, त्यांच्या पावत्या मी विक्रेत्याकडे मागितल्या. त्याचा निरोप आला की इतका त्रास घेऊ नका, व्हरमाँट राज्यातून टपालाने नोंदणी करून घ्या. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची परराज्यातल्या माणसालाही केवळ बिलावर नोंदणी देण्याची सोय व्हरमाँटमध्ये खरोखरच होती. तिचा इतका गैरवापर झाला की २०२३ मध्येच ती बंद करण्यात आली. त्या निरोपानंतर माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

ठरलेल्या दिवशी गाडी टो करून नेली, कारण नोंदणी नसलेली गाडी चालवत नेता येत नाही. अधिकाऱ्याने गाडीकडे पाहण्याआधी कागद वाचला आणि मला विचारले, "इंजिन बदलले आहे का?" मी नाही म्हणालो. मग त्याने मला कागदावरचा नंबर बोटाने वाचून दाखवला. १९८१ पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा नंबर असतो, या मस्टँगला अकराच. पहिला ६ म्हणजे १९६६. दुसरे अक्षर कारखान्याचे, आणि ते एफ होते. एफ म्हणजे मिशिगनमधला डिअरबॉर्न, सॅन होजेचे अक्षर आर असते. पुढचे ०७ म्हणजे साधी दोन दरवाजांची हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छपराची गाडी. पाचवे अक्षर टी, म्हणजे दोनशे घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन. माझ्या गाडीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचे, होते. सहा सिलिंडरच्या मस्टँगला कारखान्यातून चार नटांची चाके येत. माझ्या चाकांना पाच नट होते. हा कागद पाच महिने माझ्या टेबलाच्या खणात होता आणि चाकांचे ते पाच नट मी स्वतःच्या हातांनी घट्ट केले होते.

नंतरचे काम त्याने शांतपणे केले. दरवाजाच्या कडेवरची नंबरपट्टी पाहिली. तिचे रिव्हेट नवे आणि चकचकीत होते. बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर टॉर्च तिरपा धरला, तेव्हा तिथल्या नंबरातली दोन अक्षरे इतरांपेक्षा खोल आणि किंचित वर चढलेली स्पष्ट दिसली. तो पत्रा पूर्ण नवा होता आणि जोडाची वेल्डिंगची रेघ जाड रंगाखाली झाकली होती. मग त्याने उजव्या मडगार्डचे बोल्ट सैल करायला लावले. मडगार्डच्या कडेखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत फोर्डने तोच नंबर आणखी एकदा ठोकलेला असतो. रंग खरवडल्यावर तिथे दिसले ६, आर, ०७, सी. सॅन होजेचा कारखाना, दोनशे एकोणनव्वद घनइंचाचे व्ही-एट. गाडी मिलपिटासचीच होती, एवढे त्या माणसाने खरे सांगितले होते.

मडगार्डखालचा नंबर चोरीच्या नोंदीत सापडला. सेंट्रल व्हॅलीतल्या एका घराच्या शेडमधून ती दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि नेवाडाचा तो कागद केव्हाच मोडीत निघालेल्या दुसऱ्या मस्टँगचा होता. प्लेट तिसऱ्याच गाडीच्या निघाल्या. नंबर बदललेले वाहन जाणूनबुजून बाळगणे कॅलिफोर्नियात गुन्हा आहे आणि पोलीस ते जप्त करू शकतात. मी आपणहून तपासणीला आणल्यामुळे माझ्यावर आरोप आला नाही. चोरीच्या मालावर खरेदीदाराची मालकी मात्र प्रस्थापित होत नाही, त्यामुळे गाडी मूळ मालकाकडे गेली, आणि ते योग्यच झाले. लहान दाव्यांच्या न्यायालयात जायचे ठरवले, तर दावा कुणावर लावायचा? विक्रेत्याचे खरे नाव माझ्याकडच्या एकाही कागदावर नव्हते आणि बिलावर साडेचारच हजार होते. उरलेल्या दहा हजारांचा पुरावा मी स्वतःच नाहीसा केला होता.

ज्यांना अशी गाडी घ्यायचीच आहे त्यांनी पैसे देण्याआधी तिच्या नंबरचे एकेक अक्षर त्या मॉडेलच्या तक्त्याशी लावून पाहावे आणि मग इंजिन, चाके, बॉडी त्याच्याशी जुळते का ते पाहावे. या कामाला अर्धा तास लागतो. इंटरनेटवरचे बहुतेक वाहन-इतिहास अहवाल सतरा अक्षरांच्या नंबरांसाठी असतात, म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत तिथे काही सापडले नाही याला स्वच्छ इतिहास समजू नये. मस्टँगचे जाणकार क्लब गावोगावी आहेत. त्यातला एखादा माणूस बरोबर न्यावा. कागदावर मालक म्हणून ज्याचे नाव आहे तोच समोर ओळखपत्रासह उभा असावा, किंमत खरी लिहावी आणि पैसे बँकेच्या चेकने द्यावेत. नव्या भागांच्या पावत्या व्यवहाराच्या दिवशीच हातात घ्याव्यात, नंतर त्या येत नाहीत. शक्य असेल तर नंबरची पडताळणी होईपर्यंत मोठी रक्कम देऊच नये. ज्याची गाडी त्याचीच आहे त्याला ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही.

या जानेवारीत विक्रीच्या जाहिराती चाळताना मला एक निळी १९६७ ची मस्टँग दिसली. सॅल्व्हेज टायटल, काळ्या प्लेट, किंमत सोळा हजार. फोटोत तिच्या मागे तेच लाल हत्यारांचे कपाट होते, त्याचा वरून तिसरा खण वाकडा आणि मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती मूठ मी स्वतः ओढली होती, त्या गृहस्थाने मला त्यातून स्पार्कप्लगचा पाना काढायला सांगितला होता. जाहिरातीचे सगळे फोटो उतरवून घेऊन मी त्याच संध्याकाळी तपास अधिकाऱ्याला पाठवले. दोन दिवसांनी जाहिरात निघाली. ती पोलिसांमुळे निघाली, की ती गाडी तोवर कुणी विकत घेतली होती, हे मला अजून कळलेले नाही.